बुरुलच्या पायांतली दोरी

तोरू-बेल गावात लोक चालायला येतात. दुसरं काही करावं असं तिथे नाहीच. एक रस्ता, एक दुकान, पुलाखालून भांडत जाणारी नदी, आणि घरांच्या मागून झाडीत शिरून वरच्या तळ्याकडे गेलेली पायवाट. जून लागला की पाठीवर आपल्याएवढी ओझी घेतलेली माणसं दूरदूरच्या देशांतून येतात, पहाटे चहा-पाव खाऊन निघतात, संध्याकाळी उन्हाने भाजलेली नाकं घेऊन परततात आणि आपलं काय काय दुखतंय ते हसत हसत एकमेकांना सांगतात. शेजारचे मोल्दोकुल-आके म्हणतात, "आपल्याकडे घोडे आहेत म्हणून आपण चालत नाही. ह्यांच्याकडे मोटारी आहेत म्हणून हे चालतात."

अशा गावात, आणि तेही पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या घरात, मीरिमची मुलगी बुरुल एकोणीस महिन्यांची झाली तरी एक पाऊल टाकत नव्हती.

उभी राहायची. पेटीची कड धरून, पोट पुढे काढून, एखाद्या सरपंचासारखी ऐटीत उभी राहायची. मग कड सोडायची वेळ आली की मीरिमकडे एकदा बघायची आणि धप्पकन बसायची. जिथे जायचं तिथे बसल्या बसल्या, ढुंगणावर सरकत जायची. लोकरीच्या नमद्यावरून सरकून सरकून तिच्या सगळ्या विजारी मागून विरल्या होत्या. काराकोलच्या डॉक्टरीणबाईंनी तिचे गुडघे ठोकून पाहिले, तळव्यांना गुदगुल्या केल्या आणि म्हणाल्या, "पाय छान आहेत हो. तिच्या मनात आलं की चालेल." ते वाक्य मीरिम रोज सकाळी स्वतःला सांगायची. दुपारपर्यंत पुरायचं. दुपारनंतर पुन्हा स्वतःच बुरुलचे गुडघे ठोकून बघायची.

सासू तुर्सुनाय वाईट बाई नव्हती. फक्त तिच्या मनात आलेलं तोंडातून बाहेर पडायला वेळ लागत नसे. "माझा कुबात दहाव्या महिन्यात घोड्यामागे धावत होता," ती म्हणायची. मीरिम लग्न होऊन आली तेव्हा ह्या गोष्टीत घोड्याच्या जागी वासरू होतं. गेल्या वर्षी शिंगरू झालं. आता घोडा.

"हो अपा," मीरिम म्हणायची आणि पीठ मळत राहायची.

पण मीरिमच्या मनात घोड्यापेक्षा मोठं काहीतरी होतं, आणि ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. लग्नाआधीपासून तीच पाहुण्यांना तळ्याकडे घेऊन जायची. रशियन चांगलं यायचं, पायात दम होता. पोटात बुरुल सातव्या महिन्याची असतानाही, सप्टेंबरात, सासूने "जाऊ नकोस" म्हटलेलं असताना, शेवटच्या एका पाहुणीबरोबर ती वर गेली होती. उतरताना ओढ्यापाशी ओल्या दगडावरून पाय घसरला. घरी आल्यावर काही दुखलं नाही, खुपलं नाही, म्हणून ती बोलली नाही. नोव्हेंबरात बुरुल झाली, गुबगुबीत, धडधाकट. मीरिम तो दगड विसरूनसुद्धा गेली.

मग पोरगी चालेना, आणि दगड परत आला. दर महिन्याला तो थोडा मोठा होत गेला. आता तर डोळे मिटले की ती कड्यावरून कोसळताना स्वतःला दिसायची.

आणि ती पाहुणी, बोहुमिला, ह्या जूनमध्ये पुन्हा येणार होती.

*

बोहुमिला चेक होती, एकाहत्तर वर्षांची. तिच्या लहानपणी तिच्या देशात शाळेत रशियन शिकावंच लागे, त्यातलं जे काही उरलं होतं त्यावर ती गाडी ढकलायची. दोन्ही हातांत चालायच्या काठ्या. इतर पाहुणे चार तासांत तळं गाठायचे, हिला सात लागायचे, कारण ही दर वीस पावलांवर थांबायची. दम लागला म्हणून थांबते म्हणावं, तर तसंही नाही. काहीतरी बघायला थांबायची. मुंगी, गवत, शेण. गावातली मुलं तिला चारपायी आजी म्हणत.

"ये ये," मोल्दोकुल-आकेंनी कुंपणापलीकडून हात उंचावला. "मी तुला घोडा द्यायला बसलोय आणि तू स्वतःचेच चार पाय घेऊन येतेस. अशानं माझा धंदा कसा चालायचा?"

मीरिमने ते रशियनमध्ये सांगितलं. बोहुमिलाने काठी उचलून खिंकाळल्यासारखा आवाज काढला, आणि आके इतके हसले की त्यांना कुंपण धरावं लागलं.

घरात आल्यावर तिने पिशवीतून कागदाची पुडी काढली. आत लाल चामड्याचे इवलेसे बूट होते.

"मुलीला," ती म्हणाली. "आता धावत असणार ती."

बुरुल सरकत सरकत आली, बोहुमिलाच्या गुडघ्यापाशी थांबली आणि बुटाची नाडी तोंडात घातली. तुर्सुनायने ते बूट हळूच काढून घेतले, पुसले आणि वरच्या फळीवर ठेवले, चांगल्या चिनी मातीच्या वाडग्यांशेजारी. मीरिम चहा ओतत राहिली. वाडगा भरून वर आला तरी ओतत राहिली.

"अगं, सांडतंय," सासू म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा मऊ होता, आणि तेच मीरिमला जास्त लागलं.

*

तुर्सुनायने ठरवलं, की आता वाट बघायची नाही. रविवारी बुरुलचा तुशू करायचा.

तुशू करतात तो मूल चालायला लागल्यावर. त्याच्या दोन्ही पायांभोवती काळ्या-पांढऱ्या लोकरीची वळलेली दोरी बांधतात, पांढऱ्या नमद्यावर त्याला उभं करतात, आणि लांबून मुलं पळत सुटतात. जो पहिला पोचेल त्याने दोरी कापायची. मग ज्याने दोरी कापली त्याची चाल मुलाच्या पायांत येते. म्हणून आईबाप मनातल्या मनात देवाचा धावा करतात, की अमक्याचा पोरगा पहिला येऊ दे आणि तमक्याचा तो फेंगडा ठेचकाळू दे.

"पण अपा, ती चालतच नाही अजून," मीरिम म्हणाली.

"म्हणूनच. दोरी कापली की पाय सुटतात. माझ्या मावशीने तिच्या नातवाचा असाच केला होता."

"आणि तो चालला?"

"आता ट्रक चालवतो," तुर्सुनाय म्हणाली आणि विषय संपवला.

दोरी तिने स्वतः वळली, तीन संध्याकाळी बसून. आणि दोरी कोण कापणार हेही तिने ठरवून टाकलं होतं. मीरिमच्या मोठ्या दिराची मुलगी गुल्झात, बारा वर्षांची, शाळांच्या शर्यतीत साऱ्या तालुक्यात पहिली आलेली. हरणासारखी पोर. शर्यत ही शर्यत असते, ती आधी ठरवता येत नाही, हे तुर्सुनायलाही मान्य होतं. म्हणून तिने बाकीच्या मुलांना अंगणात बोलावून एकेक मूठ सुकी जर्दाळू दिली आणि एवढंच सांगितलं, "सगळ्यांनी जोरात धावायचं हं. फार जोरात नको."

रविवारी पहाटे बोहुमिला तळ्याकडे निघाली. मीरिमने तिला पाव, उकडलेली अंडी, काकडी बांधून दिली. सांगावं का आज काय आहे ते? जिभेच्या टोकावर आलं होतं. पण सांगितलं तर ही थांबणार. मग सगळ्यांच्या देखत विचारणार, की पोरगी चालते कुठे? आणि तिच्या त्या शांत निळ्या डोळ्यांकडे पाहिलं की मीरिमला ओढ्याकाठचा दगडच दिसायचा. संध्याकाळपर्यंत ही येत नाही, तोवर सगळं उरकेल.

"सावकाश या," मीरिम म्हणाली.

"मी नेहमीच," बोहुमिला म्हणाली.

*

दुपारपर्यंत अंगण भरलं. मीरिमचा नवरा कुबात वरच्या कुरणातून उतरला होता, अंगाला मेंढ्यांचा वास, गालांवर ऊन. त्याने बुरुलला दोनदा हवेत उडवलं आणि मीरिमच्या कानाशी म्हणाला, "चेहरा काय असा? दोरी तिच्या पायात बांधायचीय, तुझ्या गळ्यात नाही."

"तू जा पुलावर. पोरं सांभाळ."

पुलापासून अंगणापर्यंत शर्यत. पोरं पुलावर गेली. पोरांच्या मागे आया गेल्या, कारण कुणाचं कार्टं दोन पावलं पुढे उभं राहतंय ते बघायला हवं. आयांच्या मागे म्हाताऱ्या गेल्या. तुर्सुनाय तर सगळ्यांत पुढे, कारण गुल्झातच्या बुटाची नाडी तिला स्वतःच्या हाताने बांधायची होती. अंगणात उरल्या मीरिम आणि बुरुल, पांढऱ्या नमद्यावर, आणि कोपऱ्यातल्या चुलीवर तेलाची कढई. नमद्याच्या कडेला लाल फडक्यात गुंडाळलेली सुरी.

मीरिमने दोरी बांधली. एका पायाभोवती, मधे आढी घालून दुसऱ्या पायाभोवती. बुरुलने ती मोठ्या उत्सुकतेने पाहिली. मग हलता येईना तेव्हा तिचा खालचा ओठ पुढे आला.

"रडू नको गं माझी चिमणी. आत्ता येतील. गुल्झात-ताई येईल आणि खट्कन..."

तेवढ्यात कढईतून काळा धूर उठला. बोर्सोक! पिठाच्या त्या गोळ्यांचा शेवटचा घाणा तिने तळायला टाकला होता आणि विसरली होती. पुलावर अजून वादावादी चालू होती, कुबातचा आवाज येत होता, "मागे! मागे हो! टाच रेषेवर!" मीरिमने बुरुलला नमद्यावर बसवलं आणि चुलीकडे धावली. दहा पावलं. कढई उतरवली, हात भाजला, शिवी हासडली, करपलेले बोर्सोक झाऱ्याने बाहेर काढले.

मागे बुरुल आता भोकाड पसरून रडत होती.

बोहुमिलाचा गुडघा अर्ध्या वाटेवरच दुखायला लागला होता. शहाणी बाई, तिथूनच परतली. बटाट्याच्या वाफ्यातून, घराच्या मागच्या बाजूने, लंगडत आली. तिने काय पाहिलं? रिकामं अंगण. जमिनीवर एकटं बसलेलं मूल. मूल रडतंय, उठायला बघतंय, पडतंय. आणि मुलाचे पाय दोरीने बांधलेले.

तिने काठ्या टाकल्या. खिशातून सफरचंद कापायचा चाकू काढला. आणि एका झटक्यात...

मीरिम वळली ती नेमकी त्याच वेळी. बोहुमिलाने पोरीला उचलून खांद्याशी धरलं होतं आणि आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती. कुणी केलं हे, कोण असं करतं, असलं काहीसं. तिच्या पायाशी दोरीचे दोन तुकडे.

मग धूळ आली. धुळीतून अठरा पोरं आली. सगळ्यांत पुढे गुल्झात, वेण्या मागे उडतायत, सुरीसाठी हात आधीच पुढे केलेला. ती नमद्यापाशी येऊन थांबली. हात तसाच राहिला.

मागून मोठी माणसं पोचली. बुरुल रडायची थांबली होती आणि बोहुमिलाच्या टोपीचा बंद चोखत होती.

"घ्या," मोल्दोकुल-आके धापा टाकत म्हणाले. "चार पायांनी बाजी मारली."

सगळं अंगण हसलं. एक तुर्सुनाय सोडून. आणि एक मीरिम सोडून.

"दहा पावलं दूर गेलीस, केलिन," सासू सुनेला हळू आवाजात म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "तेवढा वेळ तिच्यापाशी थांबायला तुला दम निघाला नाही?"

मीरिमने बोहुमिलाला सांगितलं. रशियनमधून, अडखळत. दोरी म्हणजे काय, कापायची कुणी, कापणाऱ्याच्या चालीचं काय होतं. ऐकता ऐकता बोहुमिलाचा उन्हाने भाजलेला चेहरा आणखी लाल होत गेला. शेवटी तिने आपल्या गुडघ्याकडे पाहिलं, टाकलेल्या काठ्यांकडे पाहिलं.

"अरे देवा," ती म्हणाली. "माझे पाय. ह्या लहान मुलीला माझे पाय." मग एकदम खाली बसून तिने दोरीचे तुकडे उचलले. "मी बांधते. गाठ मारते. परत करा सगळं, मी काहीच नाही पाहिलं!"

"गाठ नको!" एकदम सात-आठ बाया ओरडल्या. सुटलेले पाय पुन्हा बांधायचे? तुर्सुनायने ते तुकडे तिच्या हातातून हिसकावूनच घेतले.

"कापली ती कापली," ती म्हणाली. "एका पोरीचा तुशू दोनदा होत नाही." मग ते तुकडे तिने बाहीत खोचले. "आणि रीत ती रीत. कुबात, कोकरू आण."

जिंकणाऱ्याला द्यायचं म्हणून गोठ्यात एक पांढरं कोकरू होतं, कानाशी काळा ठिपका, गळ्यात लाल फीत. ते बोहुमिलाच्या हातात दिलं गेलं. तिने ते छातीशी धरलं. कोकराने तिच्या हनुवटीचा वास घेतला.

"पण माझं विमान आहे गुरुवारी," बोहुमिला म्हणाली.

लोक इतके हसले की कुणीतरी करपलेल्या बोर्सोकांवर बसलं. गोठ्यामागे गुल्झात मुसमुसून रडत होती, ते तेवढं कुणाला ऐकू गेलं नाही.

*

जेवणं झाली, गाणी झाली, लोक गेले. जाता जाता कुणी म्हणालं, "पोरीला आता लहान काठ्या करून घ्या." कुणी म्हणालं, "तळ्यावर जायला सात तास, तर शाळेत जायला किती?" चेष्टाच होती ती. तुर्सुनायने भांडी घासताना एकेक वाडगा असा आपटला की मीरिमला वाटलं एक तरी फुटावा म्हणजे हिचं समाधान होईल.

दुसऱ्या दिवशी कुबात परत कुरणावर निघाला. घोड्याची पट्टी आवळता आवळता म्हणाला, "अगं, दोरीच आहे. आईला चार दिवस दे."

"आणि चाललीच नाही तर?"

त्याने तिच्या भाजलेल्या हातावर फुंकर घातली, लहान मुलाला घालतात तशी, आणि गेला.

मीरिम दारात उभी राहिली. सतरा वेळा सांगून झालं होतं स्वतःला, की दोरीने काही होत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्यात पाय छान आहेत. पण आतून कुणीतरी म्हणत होतं, की आधी तू तिला पोटात असताना पाडलंस, आणि आता हे.

बोहुमिला पायरीवर बसून गुडघ्याला मलम चोळत होती. "मला थोडं चालायला हवं," ती म्हणाली, "नाहीतर हा धरून बसेल. ओढ्यापर्यंत. पण एकटी भीती वाटते. येशील?"

मीरिमने सासूकडे पाहिलं. तुर्सुनाय वाळवायच्या कुरुतच्या गोळ्यांसाठी टांगलेलं दही पिळत होती. वळून न बघता म्हणाली, "जा. वाटेत पडली-बिडली तर गाव आपल्या नावाने बोटं मोडेल. पोरीलाही ने. मला आज हात रिकामे नाहीत."

निघताना बोहुमिलाने कोकरूही सोडून घेतलं. तिचंच होतं ते. काल रात्री तिने त्याला नावसुद्धा ठेवलं होतं, पण ते चेक नाव कुणालाच उच्चारता येत नव्हतं, कोकराला तर नाहीच.

बुरुलला पाठीशी बांधून मीरिम त्या वाटेला लागली. पोरगी झाल्यापासून पहिल्यांदा. पहिली शंभर पावलं ती खालची जमीन बघत, जपून पाऊल टाकत राहिली. एकेकाळी ह्या वाटेने ती शीळ घालत जायची आणि पाहुण्यांसाठी वळणावळणावर थांबून राहायची. आता बोहुमिला थांबायची आणि मीरिमलाही थांबावं लागायचं. इथे मुंग्यांची रांग. इथे कुणाचं तरी पीस. इथे काहीच नाही, नुसतं ऊन पानातून खाली पडलंय. बुरुल पाठीवरून वाकून वाकून सगळं बघत होती. बोहुमिला थांबली की ती "हं!" म्हणायची, जणू तिनेच थांबवलं.

ओढा आला. आणि तो दगड.

मीरिम तिथेच थांबली. तिला वाटलं होतं तो केवढातरी असेल. गुडघ्याएवढाही नव्हता.

"इथे," ती म्हणाली. मग थांबवता येईना. "तुम्ही होतात. तेव्हा मी पोटुशी होते, आणि इथून पडले. मी कुणाला नाही सांगितलं. घरी कुणालाच. अपा जाऊ नको म्हणाल्या होत्या. आणि आता ती चालत नाही, एकोणीस महिने झाले, आणि मला माहीत आहे कशामुळे, आणि..."

बोहुमिलाने काठ्या टाकल्या. कपाळाला आठ्या घालून शब्द शोधले.

"तू पडली नाहीस," ती म्हणाली.

"पडले. तुम्ही मागे होतात."

"म्हणूनच सांगते, मी मागे होते. बघ." आणि ती एकाहत्तर वर्षांची बाई दुखऱ्या गुडघ्यानिशी दगडावर चढली, हात पसरले, पाय सरकवला आणि गवतावर अलगद बसली. पाटावर बसावं तशी. "असं. तू बसलीस. मी घाबरले, माझ्या हातातला चहा सांडला. आणि तू हसलीस. तू म्हणालीस, ही आतून लाथ मारतेय, हिला चहा पाहिजे. मी पुन्हा ओतला. आपण इथे अर्धा तास बसलो. तू मला ढगाचं नाव शिकवलंस."

मीरिमला आधी काहीच आठवलं नाही. मग चहा आठवला. झाकणातून प्यायलेला, पुदिन्याचा, फार गोड. मग तिचं स्वतःचं हसू आठवलं, आणि पोटातून आलेली ती लाथ. सणसणीत.

ती खाली बसली आणि रडली. बोहुमिलाने रडू दिलं. मधेच फक्त पाठीवरची गाठ सोडून बुरुलला गवतावर ठेवलं, कारण मीरिम रडली की तीही हलत होती.

"माझा मुलगा," काही वेळाने बोहुमिला म्हणाली, "एकवीस महिन्यांनी चालला. माझी सासू म्हणायची, ह्याला गाडीवर घालून लग्नाला न्यायचा. आता पोस्टमन आहे. सगळा दिवस चालतो. घरी आला की मात्र बसून."

मीरिमला रडता रडता हसू फुटलं, नाक गळायला लागलं, आणि ते पुसायला ती डोईच्या रुमालाचं टोक शोधत होती तेव्हाच बोहुमिलाने तिचं मनगट घट्ट धरलं.

"श्श."

काठ्या गवतात पडल्या होत्या. त्यांतल्या एकीचं टोक दगडाला टेकून वर आलं होतं, आणि ते धरून बुरुल उभी होती. तिची नजर कोकरावर. कोकरू चार हात अंतरावर चरत होतं. त्याने मान वर केली आणि दोन पावलं पुढे गेलं.

बुरुलने मीरिमकडे बघितलं. नेहमीसारखं. एकदा.

मीरिमने हात पुढे केला नाही.

बुरुलने काठी सोडली. एक पाऊल. हात हवेत. दुसरं. मग ती थांबली, आणि मीरिमला वाटलं, आता बसणार. पण ती बसली नव्हती, खाली वाकली होती. गवतात एक काळा किडा होता. तिने तो नीट पाहिला. "हं!" म्हणाली. कशाचाही आधार न घेता उठली आणि तिसरं पाऊल टाकलं. चौथं. पाचवं. मग कोकराच्या लोकरीत दोन्ही मुठी.

"बघितलंस?" मीरिम म्हणाली. अहो-जाहो सगळं ती विसरली होती. "बघितलंस, कशी थांबली?"

"माझ्यासारखी," बोहुमिला म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर अभिमान आणि शरम दोन्ही होते. "माफ कर हं."

*

बुधवारी सकाळी काराकोलला जाणारी गाडी यायची होती. बोहुमिलाने गुल्झातला बोलावून कोकराची दोरी तिच्या हातात दिली. "हे माझं," मीरिमने भाषांतर करून सांगितलं, "पण ती तिकडून चारू शकत नाही. अर्धं तुझं. पुढच्या वर्षी येऊन बघणार आहे ती, नीट ठेव." गुल्झातने नाक वर ओढलं आणि विचारलं, पुढचं अर्धं की मागचं. ठरलं नाही.

तुर्सुनाय फळीवरून लाल बूट काढून आली आणि नातीपुढे बसली. दोन दिवस ती फारसं बोलली नव्हती. सोमवारी संध्याकाळी बुरुल चुलीपासून पेटीपर्यंत गेली तेव्हा ती कुरुतचा गोळा हातात तसाच धरून उभी राहिली होती, एवढंच.

बूट पायात जाईनात. "लहान पडतायत," ती म्हणाली. "हिचे पाय मोठे आहेत. चांगले मोठे."

"अपा," मीरिम म्हणाली. तिला वाटलं आता नाही सांगितलं तर पुन्हा तो दगड वाढायला लागेल. "मी सातव्या महिन्यात वर गेले होते ना, तेव्हा ओढ्यापाशी..."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"तुझ्या झग्याला मागे शेवाळाचा डाग होता. हा एवढा. तू काढून टाकलास आणि मी धुतला." तुर्सुनायने बूट पुन्हा कागदात गुंडाळले. "दोनदा धुवावा लागला."

"मग इतके दिवस तुम्ही काहीच..."

"काय बोलायचं? तू स्वतःलाच इतकं बोलत होतीस. मला कुठे जागा होती?" ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "जा, पाहुणीला पाव बांधून दे. मला दूध आणायचंय."

गाडी आली, बोहुमिलाच्या काठ्या मागे टाकल्या गेल्या, मोल्दोकुल-आके कुंपणावरून खिंकाळले, तिनेही खिडकीतून उत्तर दिलं. धूळ बसली. मीरिम रस्त्यावरून वळली तेव्हा गोठ्याकडून येणाऱ्या अरुंद वाटेवर बुरुल चालत होती. अनवाणी, पोट पुढे. चार पावलं, मग थांबणं. कोंबडीचं पीस. तीन पावलं. कसलं तरी बी. तिच्या मागे तुर्सुनाय, दोन्ही हातांत दुधाने काठोकाठ भरलेल्या बादल्या. बाजूने जायला जागा नव्हती असं नाही. दोन हात जागा होती.

"अशी गेली तर शाळा सुटल्यावर पोचेल ही," तुर्सुनाय मीरिमकडे बघून म्हणाली.

बुरुल पुन्हा खाली बसली आणि मुंगीशी बोलू लागली. सासूने एक बादली जमिनीवर टेकवली. मग दुसरी. आणि उभी राहिली.